विमा घराचा, आणि घर सोडून बाकी सगळ्यावर वाद

आज लिहूनच टाकते, नाहीतर डोकं फुटेल. बाथरूमच्या भिंतीतला पाइप गेला आणि रात्रभरात शेजारच्या बेडरूममध्ये पाणीच पाणी. लाकडी फ्लोअरिंग फुगून वर आलं, कार्पेट गेलं, पलंग, गादी, खालच्या ड्रॉवरमधले कपडे, सगळ्याला कुबट वास. नवऱ्याचा चेहरा पडला तर मीच शहाणी त्याला म्हणते, अरे टेन्शन कशाला घेतोस, घराचा विमा आहे ना आपला, इतकी वर्षं गपगुमान प्रीमियम भरतोय ते कशासाठी!

कशासाठी ते आता कळतंय.

पहिला धक्का म्हणजे घराचा विमा अशी काही एक गोष्टच नसते. घराचे दोन तुकडे. एक बिल्डिंग, एक कंटेंट्स. फोनवरचा पोरगा मला समजावतो, मॅडम, घर उचलून उलटं धरलं आणि हलवलं तर जे खाली पडेल ते कंटेंट्स, जे चिकटून राहील ते बिल्डिंग. ऐकायला मस्त आहे हो. पण मग एकाच खोलीत, एकाच पाण्याने भिजलेलं फ्लोअरिंग बिल्डिंगमध्ये आणि त्याच्यावर पसरलेलं कार्पेट कंटेंट्समध्ये, आणि आमच्या पॉलिसीत दोन्हीचा एक्सेस वेगळा, म्हणजे क्लेममधली पहिली ठरलेली रक्कम आपण सोसायची, ती पण दोनदा!! पाणी एकदाच आलं होतं ना पण?

बरं तो पाइप, ज्याच्यामुळे हे रामायण झालं, त्याचे पैसे मिळणार नाहीत. का तर तो जुना होऊन गेला, वेअर अँड टेअर. पाण्याने केलेलं नुकसान कव्हर, पाणी सोडणारा पाइप नाही. आणि गळती शोधायला ज्या टाइल्स फोडल्या त्याचं कव्हर वेगळं असतं, ते आमच्या पॉलिसीत आहे की नाही यावर तीन फोन झाले आणि तीन उत्तरं मिळाली. फोडलेल्या टाइल्स मिळाल्याच तर तेवढ्याच मिळणार, उरलेली भिंत 'डॅमेज झालेली नाही'. ते डिझाइन आता बनतच नाही हे सांगितलं तर, मॅचिंगचा क्लॉज बघा मॅडम. म्हणजे जोडी जुळत नसेल तर न बिघडलेला भागही बदलून देण्याची अट. बघितला, नाहीये.

मग सर्व्हेअर आला, नुकसान किती ते तपासणारा. माणूस गोड बोलणारा, पण त्याची नेमणूक कंपनीची आणि फी पण कंपनीच देणार, तेव्हा गोडवा कुठल्या बाजूला झुकणार ते सांगायला नको. भिंतीला ओल कधीपासून होती, असं सहज गप्पा मारल्यासारखं विचारतो. मी भोळसट, म्हटलं थोडा डाग दिसत होता मागे. झालं! लगेच वहीत 'ग्रॅज्युअल'. अचानक फुटलं तर क्लेम, हळूहळू झिरपलं तर तुमचं नशीब. अरे भिंतीच्या आत पाइप काय करतोय ते मला कसं दिसणार, मी काय एक्सरे मशीन आहे का?

पण डोक्याची खरी आग झाली ती सम इन्शुअर्डवरून, म्हणजे विमा किती रकमेचा काढलाय त्यावरून. पॉलिसी घेताना एजंटने विचारलं घराची किंमत काय, आम्ही बाजारभाव सांगितला, आणि त्याने निमूटपणे लिहून घेतला, त्याचं काय जातंय. आत्ता कळलं की बिल्डिंगचा विमा बाजारभावावर नाही, पुन्हा बांधायच्या खर्चावर काढायचा असतो. जमिनीची किंमत त्यात येतच नाही, जमीन थोडीच जळून जाते! म्हणजे बांधायला समजा 100 लागणार असताना आम्ही 150 चा विमा काढून बसलो, आणि उद्या सगळं घर पडलं तरी मिळणार 100 च. विम्यात फायदा करून घ्यायचा नसतो म्हणे, फक्त भरपाई. बरोबर आहे तत्त्व, मग जास्तीच्या 50 चा प्रीमियम घेताना हे तत्त्व कुठे झोपलं होतं?

आणि कंटेंट्सच्या बाबतीत नेमकं उलटं. तिथे आम्ही अंदाजाने कमी सांगितलं, कारण घरात चमच्यापासून पडद्यांपर्यंत काय काय आहे याची बेरीज कोण करत बसतं. तर सामान समजा 100 चं, विमा 60 चा, आणि नुकसान झालं 20 चं, तर 20 मिळतील ना? 60 च्या आतच आहे की! नाही. 100 पैकी 60 च सांगितलेत तर 20 पैकीही 60 टक्केच, म्हणजे 12. याला ॲव्हरेज क्लॉज म्हणतात, आणि हा बारीक अक्षरात कुठल्या पानावर आहे ते शोधायला मला चष्मा काढून मोबाईलची टॉर्च लावायला लागली. म्हणजे जास्त सांगितलं तरी आपलंच नुकसान, कमी सांगितलं तरी आपलंच. वर 'जुन्याच्या जागी नवं' असं छापलंय, पण कपडे, चादरी त्यातून वगळलेल्या, त्यांच्यावर घसारा, म्हणजे वापरून जुनं झालं म्हणून पैसे कापणार. 1666 साली लंडनला ती मोठी आग लागली, त्यानंतर घरांचे आगीचे विमे निघायला लागले. साडेतीनशे वर्षं झाली या धंद्याला आणि अजून एक पान धड माणसाला कळेल असं लिहिता येत नाही यांना?

हो माहितीये, 'मॅडम पॉलिसी वाचायला हवी होती.' वाचली आता, दोनदा वाचली. पहिल्या भागात दिलंय, मागच्या भागात काढून घेतलंय.

उद्या सर्व्हेअर परत येतोय. वॉर्डरोब भिंतीला स्क्रूने लावलाय की नुसताच टेकवलाय, ते बघायला.