नवनियुक्त रिव्ह्यूअरास सप्रेम उपदेश

सर्वप्रथम अभिनंदन. एखाद्या ओपन सोर्स कंपायलरमध्ये (माणसाचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा, कोणालाही सुधारणा सुचवता येईल असा प्रोग्राम) दुसऱ्याचा पॅच, म्हणजे त्याने पाठवलेली दुरुस्ती, आत घ्यायचा की दारात ताटकळत ठेवायचा, हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला मिळाला. कोड लिहिणं हे आता पोरासोरांचं काम. तुमचं काम तो अडवण्याचं, आणि तेही असं की 'अडवला' असं कोणाला म्हणता येऊ नये. यंदाच्या पावसाळ्यात फोंड्याला घरी बसून मी ही विद्या जवळून पाहिली, म्हणजे भोगली. प्रकल्प कोणता ते विचारू नका. सार तेवढं देतो.

सुरुवात मौनाने करावी. या मौनाला मोठी परंपरा आहे. जीसीसी या जुन्या कंपायलरचा कारभार एके काळी इतका संथ आणि बंदिस्त झाला होता की वैतागलेल्या मंडळींनी १९९७ साली ईजीसीएस नावाने वेगळी चूल मांडली, आणि १९९९ साली त्या वेगळ्या चुलीलाच अधिकृत जीसीसी म्हणायची वेळ आली. २००५ साली ख्रिस लॅटनर यांनी आपला एलएलव्हीएम हा नवा कंपायलर-प्रकल्प जीसीसीत आणण्याचा प्रस्ताव मेलने मांडला. तो मेल आपल्या पाहण्यातच आला नव्हता, असं जीसीसीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१५ साली सांगितलं. आज दोन्ही कंपायलर आपापल्या जागी उभे आहेत. न वाचलेल्या मेलमध्ये केवढी ताकद असते बघा! तुमच्या मौनाने इतिहास घडेलच असं नाही, पण प्रयत्न सोडू नका. समोरचा पिंग करील, म्हणजे आठवण करून देईल. एलएलव्हीएमच्या नियमावलीत आठवड्याने पिंग करणं शिष्टसंमत मानलंय, तेव्हा करू द्या. उत्तरादाखल अंगठ्याचा इमोजी टाका. त्याचा अर्थ त्याचा त्याने लावावा.

मौन सोडावंच लागलं तर व्हेरिएबलच्या, म्हणजे कोडमध्ये किंमत साठवणाऱ्या खणाच्या, नावावर सोडा. अल्गोरिदम वाचायला डोकं लागतं, नावाला नुसतं मत पुरतं. एलएलव्हीएममध्ये व्हेरिएबलचं नाव मोठ्या अक्षराने सुरू करायचं की लहान, यावर २०१९ साली भरभरून चर्चा झाली. त्यांच्याच एलएलडी या लिंकरने (कोडचे तयार तुकडे जोडणारा प्रोग्राम) त्या वर्षी लहान अक्षर घेऊन टाकलं, बाकीच्यांचा मोठ्या अक्षराचा नियम होता तसाच राहिला. एवढ्या दिग्गजांचं जिथे जमलं नाही, तिथे एखाद्या नवख्याच्या नावात खोट काढणं तुम्हाला जड जाऊ नये. एक पथ्य मात्र पाळा. सगळ्या खोटी एकदम सांगायच्या नाहीत. एक सांगायची, त्याने दुरुस्त केली की दुसरी.

कमेंटमधलं स्पेलिंग सर्वांत शेवटी.

वाद अंगाशी येतोय असं वाटलं की स्टँडर्ड, म्हणजे प्रोग्रामिंग भाषेची अधिकृत नियमावली, काढा. २००७ साली जीसीसीच्या बग क्रमांक ३०४७५ मध्ये एकाने तक्रार केली होती: पूर्णांकात १०० मिळवल्यावर तो आधीपेक्षा मोठाच आहे ना, ही माझी तपासणी तुमच्या ऑप्टिमायझरने (कोड वेगवान करणारा भाग) गाळून टाकली. उत्तर मिळालं की साइन्ड (ऋणही असू शकणारा) पूर्णांक ओव्हरफ्लो झाला, म्हणजे ठरलेल्या जागेत मावेनासा झाला, तर काय व्हावं हे सी स्टँडर्ड ठरवतच नाही, तेव्हा गाळणं नियमाला धरून आहे. हे बरोबर. त्या माणसाने सुरक्षेसाठी लिहिलेली ओळ गुपचूप नाहीशी झाली, हेही बरोबर. तुम्ही यातलं पहिलं बरोबर लक्षात ठेवायचं.

भाषा गोड हवी. हल्ली आचारसंहिता असतात. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्यासारख्या माणसाने २०१८ साली आपल्या तिखट मेलांबद्दल माफी मागितली, तिथे तुम्ही कोण? रस्ट या भाषेच्या प्रकल्पात तर २०२१ साली शिस्त सांभाळणाऱ्या मॉडरेशन टीमनेच एकगठ्ठा राजीनामा दिला, कारण कोअर टीम कोणालाच जबाबदार नाही असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा शिवी नको. 'पॅचबद्दल आभार' म्हणायचं आणि गायब व्हायचं. गायब होऊ नये असं निदान मी वाचलेल्या एकाही आचारसंहितेत लिहिलेलं नाही.

आणि आता गुरुकिल्ली. मूळ आक्षेप शेवटपर्यंत खिशात ठेवा.

माझंच बघा. बाबा आमच्या देवस्थानचे महाजन, सध्या कमिटीवरही आहेत. पावत्यांसाठी मी त्यांना सी प्लस प्लसमध्ये एक छोटा प्रोग्राम करून दिला. त्यात 'अभिषेक' वगैरे शब्द देवनागरीतच. त्या ओळीत पुढे कुठे काही चुकलं की कंपायलर चूक अचूक पकडायचा, पण तिच्याखाली बाणाची जी खूण काढतो ती भलतीकडेच. कारण साधं होतं: जागा तो पडद्यावरच्या घरांत नव्हे, बाइटांत, म्हणजे साठवणुकीच्या एककात, मोजत होता. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'अभिषेक' म्हणजे अ, भ, वेलांटी, ष, मात्रा, क, अशी ६ चिन्हं, १८ बाइट, आणि पडद्यावर दिसतात अक्षरं ४. मग बाण डझनभर घरं उजवीकडे जाणारच. मी शोधून पॅच केला, टेस्ट लिहिल्या, लाईट जायच्या आत बिल्ड उरकायची घाई करत पाठवला.

एकाने नावं बदलायला लावली, बदलली. टेस्ट दोन फायलींत तोड म्हणाला, तोडल्या. दुसऱ्याने सांगितलं, एकाच फायलीत ठेव. ठेवल्या. पहिल्याने एलजीटीएम, म्हणजे 'मला ठीक वाटतं', असं लिहिलं. मी घरी सांगूनही टाकलं. आणि मग तिसरे महाशय उगवले. त्यांचं नाव रिव्ह्यूअर म्हणून पहिल्या दिवसापासून तिथे लागलेलं होतं. विचारतात, मुळात हे हवंय कशाला? सोर्समध्ये असली अक्षरं लिहितं कोण? हे काम टर्मिनलचं, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या खिडकीचं, नाही का?

लिहितं कोण! जपानी लिहितात, अरबी लिहितात, कोरियन लिहितात, आमच्या देवळाचा पावतीवाला लिहितो. तुमच्या लिपीचं अक्षर १ बाइटात बसतं यात तुमचं कर्तृत्व काय? आणि टर्मिनलला काय कळणार बाण कुठे हवा होता? मोकळ्या जागा किती सोडायच्या हे कंपायलरच ठरवतो, ते पॅचच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं. वाचलं असतं तर दिसलं असतं. तरी मी सरळ, नम्रपणे, उदाहरणं देऊन उत्तर दिलं. त्यावर तिघांपैकी कोणीही एक शब्द बोललं नाही. बोलला तो बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम. बरेच दिवस हालचाल नाही, सबब ही विनंती बंद करण्यात येत आहे. कोणाची हालचाल नव्हती रे? माझी?

बाबा ऐकून हसले. म्हणाले, "आमच्या सभेत पालखी आधी कोणी धरायची यावरून हमरीतुमरी होते. पण तोंडावर होते. नाही म्हटलं की माणूस घरी तरी जातो."

तर ते उपदेश वगैरे राहू द्या आता. रिव्ह्यूअर थोडे, पॅच ढीगभर, बहुतेकांना त्याचा पगार नाही, हे सगळं मला कळतं. तुम्ही रात्र जागून माझा कोड वाचावा अशी माझी अपेक्षाच नाही. पण 'आम्हाला हे नको, कारण अमुक' एवढं लिहायला काय लागतं? ते पहिल्या आठवड्यात लिहा. रागाने लिहा, तुसडेपणाने लिहा, चालेल. नावं बदला, फायली तोडा, फायली जोडा असं माणसाला नाचवून झाल्यावर 'हे हवंय कशाला' विचारणं हा कुठल्या भाषेतला सभ्यपणा? आणि तुमचं नाव वर लागलेलं असतं म्हणूनच दुसरं कोणी त्या पॅचला हात लावत नाही, हे तरी ठाऊक आहे ना? वेळ नसेल तर ते नाव काढा. आणि पिंगवर अंगठे टाकणं बंद करा.