खुलासा : पीटर वेलिंग्टन मजूर पक्षाचे नव्हते, अपक्षच होते
ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याचे माजी आमदार पीटर वेलिंग्टन यांनी १९९८ मध्ये मजूर पक्षात प्रवेश करून मंत्रिपद मिळवले, असे सांगितले जाते. हे खरे नाही. व्यवसायाने वकील असलेले वेलिंग्टन निकलिन मतदारसंघातून त्या वर्षी अपक्ष म्हणून निवडून आले, २०१७ पर्यंत अपक्षच राहिले आणि मंत्री कधीच झाले नाहीत.

गैरसमजाचे मूळ त्या निवडणुकीच्या आकड्यांत आहे. ८९ जागांच्या सभागृहात मजूर पक्षाला ४४ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला नेमकी एक कमी पडली, आणि ती उणीव वेलिंग्टन यांच्या पाठिंब्याने भरून निघाल्यामुळे पीटर बीटी यांचे अल्पमतातील सरकार सत्तेवर आले. मात्र हा पाठिंबा विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांपुरताच होता. बाहेरून दिलेल्या पाठिंब्याला पक्षांतर म्हणणे हा, माझ्या मते, त्यांच्यावर आणि त्यांच्या मतदारांवरही अन्याय आहे.

पुढे २०१५ मध्ये मजूर पक्षाच्या जागा पुन्हा ४४ वरच थांबल्या. वेलिंग्टन यांनी अ‍ॅनास्टेशिया पॅलाशे यांच्या सरकारला पाठिंबा दिला आणि ते सभागृहाचे अध्यक्ष झाले. हे पद मंत्रिमंडळात मोडत नाही. मंत्रिपदाची चुकीची समजूत बहुधा यातूनच पसरली असावी. २०१७ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही.