एकोणसाठ, ऐवत्तोंबत्तु आणि उद्दिष्टांची वही

नमस्कार गुरुजी,

तिसरीच्या मुलांसाठी गणिताची उद्दिष्टं मी कशी आखते, या माझ्या लेखावर तुम्ही निपाणीहून एवढं सविस्तर लिहिलंत. तीस वर्षं मराठी शाळेत खडू धरलेल्या माणसाला दोन ओळींत आभार मानून वाटेला लावणं मला जमणार नाही. तुमचे आक्षेप तीन. तिसरीतल्या पोराला पहिलीचं उद्दिष्ट दिलं की ते जन्मभर मागेच राहतं. वह्या रंगवण्यापेक्षा पाढे पाठ करून घेतले तर निम्मं काम होतं. आणि मराठी शाळेच्या गणितात मी कन्नड आकडे आणते, हे तुमच्या मनाला लागलं.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तो मलाही लागतो.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या गोष्टी घरात ऐकत वाढले, वडिलांचं बोट धरून हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर गेले. मराठी शाळेचा पट एकेका पोराने घटतो तेव्हा पोटात कालवतं. त्यामुळे कन्नड आकडे मी वर्गात सहज म्हणून आणलेले नाहीत.

दर जूनला मी एकेका मुलाला जवळ बसवून पाहते, त्याला काय येतं आणि गाडी कुठे अडते. यंदा एका मुलीला म्हटलं, एकोणसाठ लिही. तिने पाटीवर 69 लिहिलं. पुसायला लावून पुन्हा सांगितलं, पुन्हा 69. चुकीतही तिचा हिशेब होता. ‘एकोण’ आलं की शेवटी नऊ, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं आणि कानावर ‘साठ’ पडला होता, म्हणून सहा. तिची आई बैलहोंगलकडची, घरात दोन्ही भाषा. मी सहज विचारलं, ऐवत्तोंबत्तु? माझा शब्द संपायच्या आत पाटीवर 59 उमटलं. ऐवत्तु म्हणजे पन्नास, ओंबत्तु म्हणजे नऊ. जसं बोलायचं त्याच क्रमाने लिहायचं.

आपल्या मराठीत तसं नाही. बावीस, बावन्न, त्रेपन्न यांत एकक आधी येतो आणि दशक मागून, तोही रूप बदलून. पंचवीस सांगितलं तर 52 लिहिणारी मुलं तुम्हीही पाहिली असणारच. महाराष्ट्रात 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! मलाही ती तेव्हा रुचली नव्हती. पण दशक आधी बोलायचा तो आधार आमच्या पोरांच्या तोंडात कन्नडमधून, बाजारातून, एस्टीतून आयताच आलेला आहे. तो वापरू नको म्हणायला माझं मन धजत नाही.

मात्र मी तिथेच थांबले, असं समजू नका. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीसमोर काड्यांच्या सहा जुड्या ठेवल्या, दहा-दहाच्या. म्हटलं, साठात एक उणा कर. तिने एक जुडी सोडली, एक काडी बाजूला ठेवली आणि उरलेलं मोजलं: पाच जुड्या, नऊ सुट्या. मग आपणच म्हणाली, “बाई, म्हणजे साठाला एक कमी!” एकोण या शब्दाचा अर्थ तिला त्या दिवशी कळला. वहीत तिच्या नावापुढे मी लिहिलंय: ‘दसऱ्याच्या सुट्टीआधी 99 पर्यंतची कोणतीही संख्या मराठीत ऐकून न अडखळता लिहील.’ मराठीत, गुरुजी. कन्नड आकडा ही तिथवर जायची पायरी आहे.

आता मागे राहण्याचं. तुमचा हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्याने मला माझी वही बदलायला लावली. आधी माझा विचार सांगते. 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत पहिलीअखेर 99, दुसरीअखेर 999 आणि तिसरीअखेर 9999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं ठरलंय. ही पातळी मी कुणासाठीही खाली आणत नाही. पण 52 मधून 27 वजा करताना जे पोर 35 लिहितं, सातातून दोन काढतं कारण दोनातून सात जात नाहीत, त्याला चार अंकी वजाबाकीचं पान उघडून काय हाती लागणार? दशक सुटा करता येतो हेच त्याने अजून पाहिलेलं नाही. त्याला आधी जुडी सोडायला द्यायला हवी.

तुमचं खरं कुठे आहे, तर मी मुलाचं पुढचं पाऊल लिहीत होते, पण तिथून वर्गाच्या बरोबरीला ते कधी येणार हे लिहीत नव्हते. तारीख नसली की खालचं उद्दिष्ट तिथेच मुक्काम ठोकतं. तुमचं पत्र वाचून त्या रात्री चौदाही मुलांपुढे दुसरी ओळ घातली, महिन्यासकट. दोघांच्या बाबतीत मार्चपर्यंत पोचणं अवघड दिसतंय. त्यांच्यासाठी रोज परिपाठानंतरची वीस मिनिटं वेगळी काढली आहेत.

तारखा घालताना पाऊसही बघावा लागतो. जुलैत ओढ्याला पाणी चढलं की वाडीवरची पोरं चार-चार दिवस येत नाहीत, भातलावणीत मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. म्हणून नवीन, अवघड असं काही मी जुलैत लावत नाही. उजळणी आणि मोजमाप घेते.

पाढ्यांबद्दल आपलं भांडण नाहीच. माझे आजोबा पायलीने भात मोजून द्यायचे, चार शेरांची पायली, आणि दिडकी-अडीचकी, म्हणजे दीड-अडीचचे पाढे, त्यांच्या जिभेवर असायची. मी वर्गात पाढे रोज म्हणून घेते. पण ‘सात सक किती?’ विचारलं की पोर ‘सात एके सात’पासून निघतं आणि सहाव्या पायरीवर येऊन उत्तर देतं. ‘सात डब्यांत सहा-सहा लाडू’ म्हटलं की गप्प. पाढा आहे, पण तो कशाचा आहे हे ठाऊक नाही. म्हणून गणित कलिका आंदोलन या आमच्याकडच्या शालेय उपक्रमाच्या किटमधल्या वस्तू काढते, नाहीतर चिंचोक्यांच्या ओळी मांडते: सहाच्या सात ओळी, मग ताट फिरवून साताच्या सहा. तेवढेच बेचाळीस. हे दिसल्यावर पोरं पाढा मधूनच उचलायला लागतात. आजोबांच्या पाढ्यामागे तर खरी पायली होती, खरं भात होतं.

एक विनंती आहे. पावकी आणि निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, मला चौथी-पाचवीच्या मुलांना अपूर्णांकाआधी द्यायची आहे. कागद दुमडून पाहिला, भाकरीचे चतकोर करून पाहिले. पण ‘पाच पाव सव्वा’पाशी पोरं थबकतात, पूर्णापलीकडचा पाव त्यांना दिसत नाही. तुम्ही वर्गात हे कोणत्या मापाने दाखवत होता? शेर-पावशेराची जुनी मापं वापरली असतील तर ती कशी, किती मुलांत मिळून, हे सविस्तर लिहा. नोव्हेंबरच्या पानावर ती जागा मी कोरी ठेवली आहे.