ब्रेक फ्लुइडची पत्रिका

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घेतली की चालवायला कमी मिळते, सल्ले जास्त मिळतात. माझी ट्रायंफ स्पिटफायर १९७२ची. ती जन्मली तो कॅनलीचा कारखाना इथलाच, कव्हेंट्रीतला. कारखाना गेला. तिथं कामाला असलेले, किंवा निदान ज्यांचा मेहुणा तिथं कामाला होता असे लोक मात्र जागेवर आहेत. स्पिटफायरचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं. ते उलटं झालेलं गल्लीच्या टोकावरूनही दिसतं, आणि पाच मिनिटांत चहाचे मग घेऊन मंडळी हजर होतात.

यंदा विषय होता ब्रेक फ्लुइडचा, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवाचा. बॉनेटखालच्या डबीतलं फ्लुइड काळपट झालेलं. आधीच्या मालकानं काय ओतलं होतं, याचा पत्ता नाही. मी पुण्याला मामाला फोन केला. मामा म्हणाला, “अरे, ब्रेक ऑइल कुठलंही टाक, काय फरक पडतोय!” हे मी शेजारच्या आजोबांना सांगितलं, तर त्यांनी हातातला चहाचा मग खाली ठेवला.

त्यांचं म्हणणं असं की गिर्लिंग कंपनीच्या ब्रेकांत फ्लुइड गळू न देणारे नैसर्गिक रबराचे सील असतात आणि भलतं फ्लुइड गेलं की ते फुगतात. थोडक्यात, आधी पत्रिका जुळली पाहिजे. पूर्वी त्यात तथ्य होतं. आता दुरुस्तीच्या किटमधले सील बहुतेक कृत्रिम रबराचे येतात. पण सील बदलले म्हणून मत बदलायचं, हे आजोबांना मान्य नव्हतं.

पुढचा घोळ डब्यावरच्या प्रतीच्या आकड्यांचा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलवाली मंडळी, एकाच गोत्रातली. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, त्याचा या घराशी रोटीबेटी व्यवहार नाही. म्हणजे ४ आणि ५.१ एकत्र नांदतात, पण ५ आणि ५.१ एका डबीत घालायचे नाहीत. हे आकडे ज्या अमेरिकी वाहतूक खात्यानं (तेच ते ‘डॉट’) लावले, तिथल्या कारकुनाला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

समोरच्या घरातले गृहस्थ सिलिकॉन पंथाचे. सिलिकॉन रंग खात नाही, हवेतलं पाणी ओढत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण पेडल जरा लिबलिबीत लागतं, आणि आत शिरलेलं पाणी फ्लुइडमध्ये मिसळत नसल्यानं तळाशी साचून बसतं. त्यांची गाडी वर्षभर गॅरेजात चादर पांघरून असते, त्यामुळे त्यांना ब्रेकपेक्षा रंगाची काळजी. मला सॉमरसेटमधल्या पोरलॉकचा चार-फुटाला-एक-फूट उतार उतरायचा असतो. कोरडं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतलं पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. मग उतारावर ब्रेक तापून फ्लुइडची वाफ होते आणि पेडल थेट फळीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं.

पण आत आत्ता काय आहे? डॉट ५ जांभळं असतं म्हणतात, पण जुनं झालं की तो जांभळा रंगही उडतो. त्यावर उपाय पाण्याचा. ग्लायकॉल पाण्यात विरघळतं, सिलिकॉन वर तरंगतं. बायकोनं एक रिकामी बरणी दिली. तिच्यात पाणी घेऊन ड्रॉपरनं चार थेंब सोडले. पाण्यावर लगेच गोल गोल पिवळट टिकल्या तरंगल्या. समोरचे गृहस्थ आनंदानं ओरडले, “सिलिकॉन!” आजोबांनी मान फिरवली. बायकोनं वाकून बरणीचा वास घेतला आणि म्हणाली, “हे शेंगदाण्याचं तेल आहे. कैरीच्या लोणच्याची बरणी आहे ती, कितीही धुतली तरी सोडत नाही.”

मग जॅमची बाटली घेतली. थेंब गुपचूप विरघळले. ग्लायकॉल! आजोबांचा चेहरा असा उजळला, जणू तो शोध त्यांचाच.

डॉट ४चा सीलबंद डबा आणला. आजोबा शेडमधला त्यांचा उघडा डबा फुकट देत होते. तो कधी उघडला हे त्यांनाही आठवत नव्हतं, म्हणून नको म्हटलं. त्यांना ते लागलं. मग जुनं फ्लुइड बाहेर काढायला मी मागच्या डाव्या चाकाखाली पाना घेऊन, बायको आत पेडलवर. “दाब!” “दाबलं.” “धरून ठेव!” “किती वेळ?” “सोड म्हणेपर्यंत!” “तू लग्नातही इतकं स्पष्ट बोलला नव्हतास.” शेजारी पाण्याची बादली तयार, कारण ग्लायकॉलचा थेंब गाडीच्या हिरव्या रंगावर पडला आणि लगेच धुतला नाही, तर खाली पत्रा दिसतो. डबीखाली आधीच्या मालकांनी तो दाखवून ठेवलाच आहे.

संध्याकाळी पेडल दगडासारखं कडक झालं. मी गल्लीला एक फेरी मारली, कोपऱ्यावर कचकन थांबवून दाखवली. मंडळींनी माना डोलावल्या. आजोबा चहा संपवून उठले, निघता निघता खिडकीशी वाकले.

“आणि गिअरबॉक्समध्ये तेल कुठलं घातलंयस? जीएल-४ की जीएल-५?”