जन्मतारीख आमची, दुरुस्ती त्यांच्या हाती

माझ्या मुलीचा जन्म ७ एप्रिलचा आहे, परंतु अमेरिकेच्या सरकारी दप्तरात गेले तीन आठवडे ती ४ जुलैला जन्मलेली आहे. तिने अर्ज बिनचूक भरला होता, पासपोर्टची प्रतही जोडली होती. तरी तिथल्या विद्यापीठातील कोणा महाभागाने आपले ०७/०४ आधी महिना धरून वाचले आणि तसेच सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी संगणकीय नोंदवहीत, चढवले. दांडिया बाजारातील आमच्या शेजाऱ्यांना पोरीचा वाढदिवस अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी गेला याची मोठी मौज वाटते. मला वाटत नाही, कारण मुंबईची व्हिसा मुलाखत दहा दिवसांवर आली आहे.

चुका माणसांकडूनच होतात, त्याबद्दल तक्रार नाही. संताप येतो तो या यंत्रणेच्या घडणीचा. २००३ पासून चाललेल्या या नोंदवहीत जिची नोंद आहे, तिला स्वतःच्या जन्मतारखेला हात लावता येत नाही. विद्यापीठाचा डीएसओ नावाचा अधिकारी सुधारित आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे प्रमाणपत्र, काढून देईपर्यंत पान हलत नाही, आणि आमच्या चार ईमेलना त्याचे एकच उत्तर आले आहे: विनंती मिळाली. त्याचे कार्यालय उघडते तेव्हा वडोदऱ्यात दिवेलागण झालेली असते, म्हणून आम्ही मायलेकी जेवणे खोळंबवून फोनवरचे तेच ते संगीत ऐकत बसतो.

सेव्हिसची फी ३५० डॉलर, व्हिसाच्या फीहून वेगळी, आणि व्हिसा नाकारला तरी परत न मिळणारी. ती भरताना ‘एन’ने सुरू होणारा क्रमांक, नाव आणि जन्मतारीख आय-ट्वेंटीशी तंतोतंत जुळावी लागते, म्हणजे मुलीने आता खोटी तारीख लिहावी काय?

तिथे गेल्यावर पत्ता बदलला, तर तो १० दिवसांत कळवण्याचे बंधन विद्यार्थ्यावर आहे; आमच्या पत्राला किती दिवसांत उत्तर द्यावे, हे मात्र आम्हाला कोणी सांगत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये याच यंत्रणेतील हजारो नोंदी एकाएकी बंद केल्या गेल्या आणि प्रकरणे न्यायालयांत गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या, हे आठवले की झोप उडते.

काल अखेर फोन उचलला गेला. ओळख पटवण्यासाठी पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न जन्मतारखेचा विचारला, आणि मुलगी फोनवर हात ठेवून मला म्हणाली, “आई, कोणती सांगू?”