आडनाव बदलले तरी पॅन बदलत नाही

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याचे दिवस आले की ओळखीतल्या एखाद्या तरी विवाहित स्त्रीचा मला फोन येतो आणि प्रश्न बहुधा एकच असतो: आडनाव बदलले आहे, तर नवीन पॅन काढायचे का? माझे उत्तर ठाम नकाराचे असते, कारण लग्नानंतर एका एजंटाच्या सांगण्यावरून मी स्वतः दुसरे पॅन काढले होते आणि ती चूक निस्तरायला मला दोन वर्षे लागली.

झाले असे की माझी लग्नाआधीची मुदत ठेव जुन्या पॅनवर होती आणि नोकरीच्या ठिकाणी मी नवे पॅन दिले होते. बँकेने व्याजावर कापलेला टीडीएस, म्हणजे पैसे हाती येण्याआधीच कापून घेतलेला कर, जुन्या क्रमांकावर जमा होत राहिला, पगारावरचा नव्या. विवरणपत्र मी नव्या पॅनवर भरले आणि त्यात दोन्हीकडची कपात दाखवली. खात्याच्या नोंदीत, म्हणजे फॉर्म 26 एएसमध्ये, बँकेची कपात त्या पॅनवर कुठेच नव्हती, त्यामुळे परतावा मिळण्याऐवजी उलट कराची मागणी करणारी नोटीस आली. पैसे सरकारजमा झालेले होते, पण कायद्याच्या दृष्टीने ते दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यात होते, आणि ती दुसरी व्यक्तीही मीच होते. पुढे नवा क्रमांक परत करणे, कार्यालयाला त्यांच्या टीडीएस विवरणात दुरुस्ती करायला लावणे आणि त्यासाठी वारंवार पत्रे लिहिणे, हे सगळे करावे लागले. एका व्यक्तीने दोन पॅन बाळगणे बेकायदेशीर असून त्यासाठी 10,000 रुपये दंडाची तरतूद आहे, हे मला नोटीस आल्यावर कळले.

या गोंधळाचे मूळ पॅनच्या पाचव्या अक्षरात आहे, असे मला वाटते. पॅन 10 खुणांचे असते: आधी पाच रोमन अक्षरे, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. पहिली तीन अक्षरे केवळ क्रमाने येतात. चौथे करदाता कोण आहे ते सांगते. व्यक्तीसाठी पी, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी एच, भागीदारी संस्थेसाठी एफ, कंपनीसाठी सी. पाचवे अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचे आद्याक्षर असते आणि शेवटचे अक्षर क्रमांक तपासण्यासाठी असते. कुलकर्णींची मुलगी देशपांडे झाली की पाचव्या जागी के दिसतो, डी दिसत नाही, आणि कुणीतरी सहज म्हणते की हे पॅन आता चालणार नाही. पण ते अक्षर क्रमांक दिला गेला त्या वेळच्या आडनावाचे आहे, आजच्या नव्हे. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहायची सवय असल्यामुळे काहींच्या जुन्या अर्जांत आडनावाच्या रकान्यात वडिलांचेच नाव पडलेले आहे. त्यांचेही पॅन वैध आहे. नावाची नोंद तेवढी दुरुस्त करून घ्यावी लागते.

बदलायची असते ती नोंद, क्रमांक नव्हे, आणि तीही नाव खरोखर बदलले असेल तरच. लग्नानंतर आडनाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. ज्या मुलीला माहेरचे आडनाव ठेवायचे आहे, तिने पॅनमध्ये काहीही करण्याची गरज नाही, आणि घरच्यांनी करनियमांचा धाक दाखवून तिला अर्ज भरायला बसवू नये. कार्डावर पतीचे नाव कधीच छापले जात नाही. तिथे वडिलांचे किंवा आईचे नाव असते. नाव बदलले असेल तर मात्र आधार, बँक खाते आणि पॅन या तिन्ही ठिकाणी ते सारखे असावे, कारण आधार जोडणी आणि परताव्यासाठी बँक खात्याची पडताळणी ही दोन्ही कामे नाव जुळत नसेल तर अडतात.

विवरणपत्रात दुसरा घोटाळा टॅनचा होतो. फॉर्म 16 वर, म्हणजे नोकरी देणाऱ्या मालकाकडून मिळणाऱ्या करकपातीच्या प्रमाणपत्रावर, मालकाचे पॅन, मालकाचे टॅन आणि आपले पॅन असे तीन क्रमांक असतात. टॅन हा कर कापणाऱ्याचा क्रमांक. त्यात चार अक्षरे, पाच अंक आणि पुन्हा एक अक्षर असते. पगारावरील कपातीच्या रकान्यात हे टॅन लिहायचे असते, पण पुष्कळ जण तिथे पॅन लिहितात. घरविक्रीची गोष्ट वेगळी आहे. 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर विकले की घेणारा 1 टक्का कर कापतो, आणि त्याला टॅन लागत नसल्यामुळे विक्रेत्याच्या विवरणपत्रात घेणाऱ्याचे पॅन येते. माहेरकडून आलेले घर विकणाऱ्या स्त्रीने खरेदीदाराला कोणते पॅन दिले आहे, हे व्यवहाराच्या दिवशीच पाहावे. नंतरची दुरुस्ती खरेदीदाराच्या हातात असते आणि तोवर त्याला घाई उरलेली नसते.

यंदा फोन माझ्या भाचीचा होता. "मावशी, अर्ज भरून ठेवलाय, फक्त सही राहिलीय," ती म्हणाली. मी तिला अर्जाचा फोटो पाठवायला सांगितला. तो नव्या पॅनचा अर्ज होता. तो बाजूला ठेवून आम्ही दुरुस्तीचा अर्ज भरला, नावासमोरच्या चौकटीत खूण केली आणि सर्वांत वर तिचा जुनाच क्रमांक लिहिला.