रिकला शांततेच्या परीक्षेला बसवलंच नाही

'द वॉकिंग डेड' ही रॉबर्ट किर्कमनची कॉमिक्स मालिका: जगभर झॉम्बी, म्हणजे चालती-फिरती प्रेतं, पसरल्यावर आपली टोळी जगवणाऱ्या रिकची गोष्ट. तिच्यावर गप्पा निघाल्या की अलेक्झांड्रियाचा भाग हमखास 'रटाळ' ठरतो. झॉम्बी कमी, घरगुती भानगडी जास्त, ही तक्रार. मला मात्र तोच भाग, अंक ६७ ते ८४, मालिकेचा जीव वाटतो. माझा खरा रागही त्याच भागावर आहे. (पुढे सगळी कथा फोडली आहे.)

अलेक्झांड्रिया म्हणजे वॉशिंग्टनजवळची, भिंत घातलेली वस्ती; भटकून थकलेली रिकची टोळी इथे येते. घरं शाबूत, नव्या माणसांसाठी पार्टीसुद्धा होते. प्रमुख डग्लस मन्रो, अमेरिकी काँग्रेसचा माजी सदस्य. तो रिकला कॉन्स्टेबल करतो, टोळीतला एब्रहम बांधकामावर लागतो. टोळीतलीच मिशोन आपली तलवार भिंतीवर टांगते. ती तलवार हीच तिची ओळख झालेली, त्यामुळे मला ते चित्र फार लागतं. आणि रिक? टोळीचा आधीचा आसरा असलेला तुरुंग पडल्यानंतर सापडलेला एक बंद फोन तो जपून ठेवतो, त्यावर मेलेल्या बायकोशी, लोरीशी बोलतो. डोक्यावर छप्पर आलं तरी तो फोन काही सुटत नाही. चित्रकार चार्ली अ‍ॅडलार्डच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत त्याचा चेहरा बघा, सुरक्षित घरात तो जास्त थकलेला दिसतो.

रिकच्या मुलाचं, कार्लचं तर विचारूच नका. टोळीतल्या बेन नावाच्या मुलानं स्वतःच्या जुळ्या भावाला मारलं, तेव्हा त्या बेनला याच पोरानं गोळी घातलेली. आता त्यानं इथल्या मुलांशी काय खेळायचं?

रस्त्यावर ज्या गुणांनी जीव वाचला, तेच इथे नडतात. रिक आपल्या साथीदार ग्लेनकरवी वस्तीच्या शस्त्रागारातून बंदुका पळवतो. वस्तीतला पीट आपल्या बायको-मुलाला, जेसी आणि रॉनला, मारहाण करतो हे कळल्यावर रिकचा संताप रास्तच आहे, पण तो थेट हाणामारीवर उतरतो आणि बंदूक काढतो. पुढे पीटच्या हातून डग्लसची बायको रेजिना मरते आणि डग्लस स्वतःच रिकला सांगतो, घाल गोळी. म्हणजे रिक वस्तीसारखा होत नाही, वस्तीच रिकसारखी व्हायला लागते. किर्कमननं हे जबरदस्त लिहिलंय.

आणि इथेच तो कच खातो. माणसं जरा कुठे रुळायला लागतात तोच झुंडी येतात, भिंत पडते, जेसी आणि रॉन जातात, डग्लसच्या गोळीनं कार्लचा डोळा जातो. झालं, रिकची भीती खरी ठरली! पण भिंत पडलीच नसती तर? दहा वर्षं काहीच झालं नसतं, तर हा माणूस रात्री झोपला असता का? मला तो प्रश्न हवा होता. लेखकानं रिकला त्यातून सोडवलं, हे मला पटत नाही.

तो प्रश्न थेट जुलै २०१९च्या शेवटच्या अंकात, १९३व्यात येतो, आणि तोही कार्लच्या वाट्याला. आता झॉम्बी जवळपास संपलेत, रिकच्या टोळीतल्या मॅगीचा मुलगा हर्शेल त्यांचे खेळ लावून पैसे कमावतो. कार्ल ते झॉम्बी मारतो आणि खटला त्याच्यावरच चालतो, मालमत्तेच्या नुकसानीचा! न्यायाधीश मिशोन, जिला आपला जुना कायद्याचा पेशा परत मिळालाय. नव्या पिढीला कार्ल विक्षिप्त वाटतो. त्याला मात्र झॉम्बींच्या काळात आपली माणसं कशी मेली ते आठवतं. मिशोन त्याच्या बाजूनं निकाल देते, कारण तिलाही आठवतं.

म्हणून म्हणते, ६७ ते ८४ गाळून थेट १९३ वाचू नका. तसं वाचलं तर कार्लचा हट्ट नुसता हट्टच वाटेल.